सात वाजताच्या दोन घंट्या

फोन कंपनीचं पत्र ऑपरेटरबाईंनी दारातच फोडलं, उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि रिकाम्या घराला ऐकवलं, "घ्या! आता यांना तारच नकोशी झाली!"

पत्रात काय होतं, तर या भागातल्या तारेच्या जुन्या लाइनी महिनाअखेर बंद होणार. जुना नंबर ठेवायचा असेल तर तो इंटरनेटवरून बोलायच्या सेवेत हलवायचा आणि ती सेवा आपल्या मोबाइलच्या प्लॅनला जोडून घ्यायची. मग घरचा नंबर मोबाइलवर वाजेल. जोडला नाही तर नंबर रद्द. 'रद्द' हा शब्द जाड अक्षरात छापला होता.

आता त्या नंबरावर फोन करायचं तरी कोण? मुलगा करायचा तो मोबाइलवर. मैत्रिणी निम्म्या देवाघरी, उरलेल्या मुलांच्या घरी. राहिली एक धाकटी बहीण, चिमी, तीही तीन तासांवरच्या गावात. आणि चिमीचा काही फोन यायचा नाही. चिमीच्या फक्त घंट्या यायच्या.

हे घंट्यांचं प्रकरण बाईंचंच डोकं. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई, कुठल्या फोनचं बिल लागतं आणि कुठल्याचं नाही हे तिला नाही तर कोणाला ठाऊक असणार? चिमीचं लग्न होऊन ती परगावी गेली, थेट डायल करायची सोय आली, तेव्हा बाईंनी तिला शिकवलं. रोज सकाळी सातला फोन लाव, दोन घंट्या वाजू दे आणि ठेव. म्हणजे तू बरी आहेस. मग मी लावते, दोन वाजल्या की मीही बरी आहे. आणि तीन वाजल्या तर असशील तशी निघून ये. पगार ज्या खात्याचा खाल्ला त्याच खात्याला रोज सकाळी टोपी घालायची, आणि वर नऊ वाजता कानाला हेडसेट लावून साळसूदपणे "नंबर सांगा" म्हणायचं! चिमी हसून हसून बेजार व्हायची.

पुढे आई म्हातारी झाली आणि चिमीकडे राहायला गेली. सात वर्षं राहिली, त्यातली शेवटची तीन अंथरुणात. बाई सुट्टी मिळाली की जायच्या, दोन दिवस राहायच्या, औषधांच्या वेळांवरून चिमीला चार गोष्टी सुनावायच्या आणि परत यायच्या. आई गेली तेव्हा घरात सगळे नातेवाईक जमले होते, आणि त्या सगळ्यांसमोर बाई बोलून गेल्या, "माझ्याकडे असती ना, तर आई अजून चार वर्षं जगली असती."

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! मामेभावाच्या हातातला रिकामा पेला चिमीने घेतला आणि ती आत गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं, त्याला आता नऊ वर्षं होत आली.

पण गंमत बघा. बाई घरी परतल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सातला, दोन घंट्या वाजल्या. बाई फोनसमोर बसून घळाघळा रडल्या आणि मग उलट दोन दिल्या. त्यानंतर एक दिवस खाडा नाही. बोलणं नाही, चिठ्ठी नाही, येणंजाणं नाही, पण सात वाजले की दोन इकडे आणि दोन तिकडे.

चार वर्षांपूर्वी बाईंनी मन घट्ट करून एका दुपारी फोन लावला होता. बराच वेळ वाजला, मग चिमीने उचलला. बाईंनी श्वासही न घेता सगळं सांगून टाकलं, की चिमे, माझं चुकलं, तू केलंस ते मला जन्मात जमलं नसतं. पलीकडून आवाज आला, "कोण? कोण बोलतंय?" आणि खाड्कन फोन ठेवला. बहिणीचा आवाज ओळखू येत नाही होय! बाईंना ते फार झोंबलं. लोकांचे संसार तारेने जोडून देणारी बाई, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. माफी नको तर नको, घंट्या तरी आहेत, एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

म्हणून तो नंबर रद्द होऊन चालणार नव्हतं. मोबाइलचा नंबर चिमीकडे नव्हता, आणि द्यायचा तर बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई कंपनीच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "आजी, कोणाला बरोबर नाही आणलंत?"

"बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी फोन जोडतेय. फॉर्म दे इकडे."

मुलगी हसली. मग मोबाइलवर एक संदेश आला, त्यातले आकडे घातले, दोन ठिकाणी 'मान्य' म्हटलं, आणि तीस वर्षांचा नंबर पाच मिनिटांत तारेतून उठून हवेत गेला. ना दोरी, ना भोक, ना खटका. बाईंना जरा चुकल्यासारखंच झालं. एक्स्चेंजमध्ये फोन जोडायचा म्हणजे हातात काहीतरी यायचं. पितळी टोकाची दोरी भोकात बसली की बोटांना कळायचं की लागला. समोर लाल दिवे, शेजारी दहा जणी, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले, आणि त्यातूनही आपल्या कानातला माणूस वेगळा ऐकू यायचा. कोणाला मुलगा झाला, कोणाचा बाप गेला, सगळ्यात आधी बाईंना कळायचं. माणूस बोलायच्या आधी जो श्वास घेतो ना, त्यावरून त्या ओळखायच्या की हा आता रडणार.

"घंटी कुठली लावू?" मुलीने विचारलं. "यात 'जुना फोन' म्हणून एक आहे बघा."

"तीच लाव," बाई म्हणाल्या.

सकाळी पावणेसातलाच बाई मोबाइल टेबलावर ठेवून समोर बसल्या. सात वाजले आणि फोन वाजला. एक. दोन. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिसरी वाजली. मग शांत.

तीन!

बाईंनी झटक्यात फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलत नाही. अकरा घंट्यांपर्यंत त्यांनी मोजलं आणि मग त्यांना मोजवेना. चिमी पडली असेल. फोनपर्यंत कशीबशी आली असेल, तीन घंट्या दिल्या असतील आणि तिथेच... अशुभ बोलू नये म्हणून बाईंनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. दुधाखालचा गॅस बंद केला, पर्स घेतली आणि बाहेर पडल्या. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पायात घरातल्या चपला आहेत.

साडेसातची बस मिळाली. खिडकीशी बसून बाई मनातल्या मनात आणि मध्येमध्ये मोठ्यानेही बोलत होत्या, "थांब गं बाई, एवढे तीन तास थांब." शेजारची बाई बिचकून सरकून बसली. बाईंना एकच दिसत होतं. पंधरा-सोळा वर्षांची चिमी डबा घेऊन एक्स्चेंजमध्ये यायची आणि साहेब जेवायला गेले की बाई हळूच तिच्या कानाला हेडसेट लावायच्या. लांबच्या लाइनीत नुसती घूं घूं असायची. चिमी डोळे मिटून ती ऐकत बसायची आणि म्हणायची, "ताई, सगळं जग झोपेत घोरतंय बघ." डबा तसाच राहायचा. साहेबांची पावलं ऐकू आली की चिमी टेबलाखाली. त्या चिमीला आपण चार माणसांत काय बोललो! आणि आता बोलायला ती असेल का?

साडेदहाला बाई चिमीच्या इमारतीचे दोन जिने धापा टाकत चढल्या. वर पाहतात तो काय, चिमी दाराला कुलूप लावतेय! खांद्याला पिशवी, डोकं सगळं पांढरं, पण चांगली धडधाकट. पाठमोरी होती.

"चिमे!" बाई ओरडल्या. चिमीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंनी वर जाऊन तिचा दंड धरला तेव्हा ती केवढी दचकली! किल्ली खाली पडली.

"ताई? तू जिवंत आहेस?"

"मी? अगं तूच तर तीन दिल्यास!"

"छे, मी दोनच दिल्या. रोजच्यासारखं घड्याळात बघून सात सेकंद. तूच उलट फोन वाजवत सुटलीस. थांबेचना! मला वाटलं झालं, ताई संपली. लगेच निघणार होते, तर कुलपाची किल्ली सापडेना, मग बस चुकली. आता अकराची गाठायला निघाले होते."

बाईंच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. सात सेकंद! जुना फोन सात सेकंदांत दोनदा वाजायचा. ही नवी 'जुना फोन' घंटी भरभर वाजते, ती तीनदा वाजली. एकतीस वर्षं ऑपरेटरकी केली, आणि एवढं कळलं नाही! त्या स्वतःच्या कपाळावर हात मारणार तोच दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"घड्याळात का बघतेस? कानाला लावला की घंटी ऐकू येतेच की."

चिमीने किल्ली उचलली. "मला येत नाही ऐकू. पाच वर्षं झाली. ताप आला होता, त्यात गेलं. सकाळी फोनवर हात ठेवून बसते, थरथरला की कळतं तू दिल्यास ते. कोणाला सांगितलं नाही मी. तुला तर नाहीच. तू म्हणाली असतीस, औषधाच्या वेळा पाळल्या नसतील."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणजे चार वर्षांपूर्वीची ती दुपार! आपण बोललो ते कोणापर्यंत पोचलंच नव्हतं. पलीकडे ही थरथरला म्हणून उचललेला फोन नुसता धरून उभी होती. बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "चिमे, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं गं. आईच्या वेळी बोलले ते."

"मोठ्याने बोल. ऐकू येत नाही म्हटलं ना."

बाई उभ्या राहिल्या आणि जन्मात कधी काढला नव्हता एवढा आवाज काढला, "माझं चुकलं!" जिना दणाणला. शेजारचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून एक बाई कठड्यावरून वाकून बघायला लागली. समोरच्या दारातून दाढीला साबण लावलेला एक गृहस्थ डोकावला.

चिमी शांतपणे म्हणाली, "पहिल्यांदाच कळलं होतं मला. समोरचं माणूस बोललं की ओठांवरून कळतं."

"मग हे काय नाटक? सगळी इमारत गोळा केलीस!"

"तू बोललीस ते तरी कुठे एकटीला बोललीस?" चिमी म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं होतं."

ऑपरेटरबाईंनी पदर सारखा केला आणि वरच्या कठड्याकडे, समोरच्या दाराकडे, जन्मात न पाहिलेल्या त्या माणसांकडे वळून, पूर्वी लांबच्या लाइनीवर बोलायच्या तशा स्वच्छ आवाजात त्या म्हणाल्या, "मी हिची मोठी बहीण. आमच्या आईला हिने सात वर्षं सांभाळलं. मी नाही. हिने."

साबण लावलेल्या गृहस्थांना काय करावं कळेना, त्यांनी उगीच मान डोलावली. चिमी मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती ताईच्या ओठांकडे बघत होती.