नानांनी पाटी वाचली

"आजोबा, डावा डोळा झाका आणि वाचा. लवकर. मागे रांग केवढी आहे बघताय ना?"

रांग बघता आली असती तर नाना इथे तडमडले कशाला असते? डावा डोळा कधीच कामातून गेलेला; तो झाकला काय, उघडा ठेवला काय, सारखंच. उजव्यासमोर दुधावरची साय धरल्यासारखं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात कुठेतरी भिंत होती, भिंतीवर अक्षरांची पाटी होती. आणि नानांच्या अगदी पाठीशी, बाकावर, पहिलवान बसला होता.

पहिलवान हे नानांच्या सलूनचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. डोळे चुरचुरतात म्हणून आला होता, आणि नानांना बघताच त्याने अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली होती, "काय नाना! तुमच्या डोळ्यांना काय धाड भरली?"

"काही नाही रे. ही सूनबाई ऐकेना. चष्म्याचा नंबर बघून जातो."

दुसरं काय सांगणार? नानांच्या हाताबद्दल लोक काय काय बोलत! म्हणे एकदा गिऱ्हाइकाच्या टकलावर माशी बसली, तर नानांनी तिला उडवली नाही. वस्तऱ्याने तिची मिशी तेवढी साफ केली आणि मग सोडून दिली. हे खरं की खोटं, ते माशीलाच ठाऊक. पण आंधळ्या न्हाव्यापुढे मान कोण देणार? अंगठ्याने कातडी चाचपत, तो पुढे आणि वस्तरा मागे, असं नाना वर्षभर दाढ्या करत होते. गेल्या आठवड्यात पहिलवानाच्या कानामागे रक्ताचा टिपूस आला. "मान कशाला हलवतोस रे?" म्हणून नानांनी उलट त्यालाच दटावलं. दारात उभ्या सूनबाईने ते पाहिलं आणि त्याच रात्री आपल्या कामावरच्या मुकादमाकडे रजा मागायचं ठरवलं.

तशा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याच्या खेपा आधीही झाल्या होत्या. पहिल्यांदा भीतीने रक्तदाब चढला म्हणून परत. मग एकटे गेले, तर सोबत घरचं माणूस नाही म्हणून परत. त्यानंतर गेले तेव्हा ऑपरेशन करणारे डॉक्टरच बदली होऊन गेलेले. आता नवे आले होते, तेही चार दिवसांपुरते. आज दुपारी यादी बंद. ते पुन्हा कधी येणार, हे खिडकीवरच्या माणसालाही माहीत नव्हतं. आणि मुकादमाने सूनबाईला बजावलं होतं, "पुन्हा रजा मागायची तर हिशेब घ्यायलाच ये."

एवढ्या खेपांत नानांच्या पदरी एकच गोष्ट पडली होती. बाकावर ताटकळताना पुढचे लोक मोठ्याने वाचत, ते ऐकून ऐकून पाटी पाठ झाली होती. मुद्दाम नव्हे, न्हाव्याचा कान तो, पडलं ते राहिलं.

"वाचा ना, आजोबा!"

मागे पहिलवान खाकरला. आणि नानांची जीभ सुटली. "ट, म, ग... क, ल, प, न..." वरपासून खालपर्यंत, न अडखळता. तळाची बारीक ओळ तर त्यांनी जरा तोऱ्यातच म्हटली.

"वा! नजर तरण्या पोराची आहे," तपासणाऱ्या बाई मानही वर न करता म्हणाल्या. "ऑपरेशन नको. औषधाचे थेंब घ्या आणि जा. पुढचा!"

"आमच्या नानांची नजर म्हणजे घारीची!" पहिलवानाने मांडीवर थाप मारली.

सूनबाई पांढरीफटक पडली. "बाई, थांबा! पाटी बदला. दुसरी लावा आणि मग विचारा."

"इथे काय खेळ चाललाय? त्यांनी तळाची ओळ वाचली!"

"त्यांना दिसत नाही हो!"

"अहो, मग ते स्वतः सांगतील ना! काय आजोबा, दिसतं की नाही?"

सूनबाईने नानांचं मनगट धरलं. "बाबा," ती पुटपुटली, "मी परत नाही येऊ शकणार हो."

दिसत नाही म्हटलं तर दुकान आजच्या आज बसणार. दिसतं म्हटलं तर डोळा कायमचा जाणार, आणि जाण्याआधी कुणाचा तरी गळा. त्यांनी पाटीकडे पाठ फिरवली आणि आवाजाच्या अंदाजाने पहिलवानाकडे तोंड केलं.

"पहिलवान, मला पाटी दिसत नाही. तूही दिसत नाहीस. ऐकून पाठ झाली होती." मग जरा थांबून, "त्या दिवशी मान तू हलवली नव्हतीस रे."

पहिलवानाचा हात आपसूक कानामागे गेला. नानांना त्याचा हात दिसला नाही, पण त्याचं गप्प बसणं त्यांनी बरोबर ओळखलं.

बाईंनी प्रथमच मान वर केली. उठून त्यांनी नानांची हनुवटी उचलली, विजेरीचा झोत डोळ्यात टाकला आणि मागे वळून ओरडल्या, "यादी बंद करू नका! अजून एक आहे!" मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी या. डोक्यावरून न्हाऊन, दाढी करून."

संध्याकाळी पहिलवानाच्या दाढीची वेळ टळून गेली. सलूनपाशी पावलं यायची, क्षणभर थांबायची आणि पुढे जायची. नानांनी वस्तरा चामड्यावर परजला, धार अंगठ्याने पाहिली आणि तो सूनबाईच्या हातात दिला.

"अहो बाबा, मी? तुमची तुम्ही करता की रोज!"

"आज हात ठिकाणावर नाही. वस्तरा आडवा धर. घाई नको."

आयुष्यभर ज्या खुर्चीमागे ते उभे राहिले, तिच्यात ते आज पहिल्यांदा बसले. खुर्चीचा उजवा हात जरा हलतो, हेही त्यांना आजच कळलं. सूनबाईने साबणाचा फेस लावला.

"लागलं तर?"

नानांनी डोकं मागे टेकवलं आणि गळा उघडा केला.

"चालव तू," ते म्हणाले. "मी मान हलवणार नाही."