निळा काढा, गुलाबी रोग

चौबे कॉलोनीतल्या त्या हॉलमध्ये बुधवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्यांवर सत्तर-ऐंशी माणसं. कोणाच्या डोक्याला रुमाल, कोणाच्या हातावर सुईचे काळेनिळे डाग, आणि प्रत्येकापुढे काचेचा पेला. पेल्यात काढा होता आणि तो चक्क निळा होता.

"नीला म्हणजे नीलकंठ! जहर पचवणारा!" दर बुधवारी हा दरबार भरवणाऱ्या चेतना दीदी माइकवरून सांगत होत्या. "कॅन्सर काय आहे? शरीराची नाराजगी आहे. पेशी रुसल्या आहेत. रुसलेल्याले कोणी सुई टोचते का? त्याले चहा पाजतात!"

लोकांनी माना डोलावल्या. रुसलेल्या पेशीला चहा पाजायची युक्ती मला बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही सुचली नव्हती, हे कबूल करतो.

मग उतारा सुरू झाला. सेविका रोग्याच्या ताटलीतलं बेलाचं पान उचलायची, घरी लेकराची दृष्ट काढतात तसं दुखऱ्या जागेवरून तीनदा ओवाळायची आणि पेल्यात टाकायची. चमच्यानं ढवळलं की निळा काढा जांभळा, मग गुलाबी! "निकला! रोग निकला!" असा एकच गलका व्हायचा. सोबत आलेल्या धडधाकट नातलगांच्याही पेल्यात पान पडे, पण त्यांचा काढा निळाच राही. आणि ज्याचा रोग हटत आला, त्याचा रंग जेमतेम बदले. आता याहून पक्का पुरावा कुठला?

माझ्या शेजारी माझी थोरली बहीण विमलाताई बसली होती. तिनंच मला बोलावलं होतं. तिच्या पेल्यात फिकी जांभळी छटा आली, तसा तिनं माझा हात दाबला.

"पाह्यलं का श्याम? पहिल्या दिवशी रानी कलर आला होता. आता एवढाच राह्यला."

"आणि केमोचा पाचवा डोस कधी आहे तुझा?"

ती पेल्याकडे पाहत राहिली. "दोन झाले. मग नाही गेली मी. दवाखान्याचं औषध घेणाऱ्याले दीदी इथं बसू देत नाही. काढा नासते म्हणते."

ऑपरेशन झालेल्या बाईचे दोन डोस चुकले होते आणि मला, तिच्या सख्ख्या भावाला, ते आज कळत होतं. ते चुकलेले डोस तिच्या जिवावर बेतू शकत होते.

तो निळा रंग मी ओळखला होता. शाळेत मुलांना घेऊन गोकर्णीच्या फुलांपासून मी तो दरवर्षी काढत असे. मी ताईच्या ताटलीतलं उरलेलं पान उचललं आणि माझ्याच पेल्यात टाकलं. काढा गुलाबी झाला.

"दीदी," मी उभा राहून विचारलं, "मले कोणता कॅन्सर झाला?"

"छुपा हुआ भी होता है, भाईसाहब," दीदी गोड हसल्या.

"हव? मग तुमचाही पाहून घेऊ." मी पुढे जाऊन एका रोग्याच्या ताटलीतलं पान त्यांच्या पेल्यात सोडलं आणि ढवळलं. तोही गुलाबी! मग नातलगांच्या ताटलीतलं पान, ज्याचा उतारा अजून व्हायचा होता अशा एका रोग्याच्या पेल्यात टाकलं. काढा होता तसाच निळा राहिला.

"हे गोकर्णीचं फूल," मी म्हणालो. "तुम्ही अपराजिता म्हणता. याच्या निळ्या पाण्यात आंबट पडलं की ते गुलाबी होते. लिंबू पिळून पाहा घरी. रोग्याची पानं लिंबूसताच्या पाण्यात बुडवून वाळवली आहेत, नातलगांची कोरी आहेत. दर बुधवारी लिंबूसत थोडं कमी केलं, की रोग हटला! विश्वास नसेल तर पान जिभेले लावून पाहा."

दोघातिघांनी पान जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. दीदींना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. त्या मागच्या दारानं गेल्या.

आता टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण ताईच्या बाजूला बसलेल्या सुशीला नावाच्या बाईनं रुमालाची गाठ सारखी करत मला विचारलं, "काकाजी, मग आता बुधवारी आम्ही कुठं जायचं?"

मी ऑटो बोलावायला बाहेर गेलो.

ऑटोनं आम्ही तात्यापाऱ्यातल्या ताईच्या घरी आलो. कुलूप काढताना ती म्हणाली, "पान आंबट हाय, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. बोट जिभेले लागलं होतं. जन्मभर लिंबूसताचं शरबत केलं मी, मले नाही समजणार?"

"मग काहून जात होती तू?"

"दवाखान्यात सुई लावून सहा घंटे खुर्चीत बसावं लागे. नर्सनं विचारलं, सोबत कोण हाय? मी सांगतलं, भाऊ खाली गाडी लावून राह्यला. दुसऱ्या वेळीही हेच सांगतलं." ती आत गेली, पंखा लावला. "दीदीकडे नावानं बोलावत. सुशीला मले रुमाल बांधून देई. मरण यायचंच असंल तर चार माणसात येईल, म्हटलं."

तिच्या पहिल्या डोसच्या दिवशी मी धमतरीला 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर व्याख्यान देत होतो. दुसऱ्या डोसला दुर्गला. तिचा मुलगा पुण्यात, मी दोन किलोमीटरवर, आणि ताई एकटी. चेतना दीदी लबाड होत्या, पण माझ्या बहिणीच्या आयुष्यातली जी जागा त्यांनी घेतली, ती मी रिकामी सोडलेली होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ताईवर केमो करणाऱ्या डॉ. रूपालींकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. "झालेला उशीर भरून निघेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. तपासण्या करू आणि सोमवारी सुरू करू," त्या म्हणाल्या. "आणि काकू, घोटभर चहानं बरं वाटत असेल तर जरूर प्या. फक्त त्यात काय आहे ते आधी मले दाखवा. काही पाला औषधाच्या आड येतो. चहा औषधाच्या सोबत, औषधाच्या जागी नाही."

सोमवारी मी स्टूल ओढून ताईच्या खुर्चीजवळ बसलो. नर्सनं विचारलं, सोबत कोण? ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा." एकमेकांजवळ बसायची आम्हाला सवयच राहिली नव्हती. दुपारी तिनं पलीकडच्या खुर्चीकडे डोळ्यांनी खुणावलं. तिथं एक बाई एकटीच थेंब मोजत होती.

"मी झोपते जरा. तू तिच्याजवळ जाऊन बस."

मी गेलो.

तेव्हा मंडळी, कोणी रंग बदलून रोग काढून दाखवला, तर रंग कशानं बदलला ते विचारा. डॉक्टरांना न सांगता एकही डोस चुकवू नका. चमत्कार उघडा पाडणं फार अवघड नाही, मला तर दहा मिनिटं लागली. पण तेवढ्यावर घरी जाऊ नका. तुमच्या माणसाच्या पुढच्या डोसची तारीख तुम्हाला पाठ आहे का? नसेल तर आजच फोन करून विचारा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.