बिरप्पा अण्णांची खोली

सरकारचा हात त्रिभुवनात पोचतो, त्यातून सुटतो तो फक्त मेलेला माणूस, असं नबीसाब आपल्या सोलापूर स्टेशनाजवळच्या मुसाफिरखान्यात प्रत्येकाला ऐकवत. म्हणूनच घरपट्टीचा कारकून दिसला की ते खाटेवर मेल्यासारखे निपचित पडत. आज तेही जमलं नाही.

"उठा अजी, सूट मागायची हाय न्हवं?" बायकोने, कमरबीने, चादर ओढली.

सन एकतीसातला नियम सोपा होता. इमारतीचा जो भाग तपासणीच्या दिवशी रिकामा, त्याची पट्टी माफ. मैंदर्गीचे घोंगड्यांचे व्यापारी बिरप्पा माडीवरच्या खोलीत वारले, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या धसक्याने अख्खी माडी ओस पडली. सूट मिळाली नाही तर इमारत विकायची, हे ठरलेलंच होतं.

कारकून जोतीरामाने खोलीचं दार ढकललं. बाहेर वैशाख पेटला होता. आत विहिरीच्या तळासारखा गारवा. खाटेवर चादर, उशाशी पाण्याचा तांब्या, झाकलेलं ताट.

"हे कुणासाठी?"

"बिरप्पा अण्णांसाठी. आमच्यात रिवाज हाय, साहेब. मुसाफिर 'जातो' म्हणत न्हाय, तवर त्याची खाट मोडायची न्हाय, जेवण चुकवायचं न्हाय. अण्णा न सांगताच गेले की!"

जोतीरामाने ताट उघडलं. भाकरी अर्धी खाल्लेली होती. चादरीवर माणसाएवढा खळगा होता. त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला. खळगा उबदार होता.

"नबीसाब, खोली वापरात आहे."

"अवो, माणूस मेलाय!"

"मान्य. पण नियमात 'रिकामी' म्हटलंय. जिवंत-मेला असा भेदभाव म्युनिसिपालटी करत नाही." त्याचे दात वाजत होते, पण पेन्सिल चालूच होती.

दाराआडून कमरबी कडाडली, "अजी, बघत काय ऱ्हायलाय? हात जोडा अण्णांफुडं!"

नबीसाबांनी टोपी सावरली, हात जोडले. "अण्णा, ऱ्हायलात, बरं वाटलं. पण आता घर जातंय माजं. एकदा 'जातो' म्हना की."

तांब्यातलं पाणी थरथरलं. मग खाट करकरली. खळगा हळूहळू भरत चादर सपाट झाली, आणि जोतीरामाच्या अगदी कानाशी एक थकलेला आवाज आला.

"जातो. तेवढा टांगा सांगा की. गुडघं लई दुकत्यात."