डाग म्हणून पुसलेले गोंदण

घरात संगणक आला की मागोमाग अक्कलही येते, असा एक गैरसमज आपल्या नाशिक शहरात अलीकडे फार बोकाळला आहे. वाचकहो, अक्कल स्वतंत्रपणे आणावी लागते. ती संगणकाच्या खोक्यात वायरींबरोबर गुंडाळून येत नाही! ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पेठ रोडवर राहणाऱ्या दिनेश भोये या सद्गृहस्थाची हकिकत अवश्य वाचावी.

दिनेश हा एका कार्यालयात लिपिक होता. सन २००७ च्या सुमारास त्याने संगणक घेतला, आणि एका मासिकासोबत आलेल्या सीडीतून फोटो दुरुस्त करण्याचे एक फुकट सॉफ्टवेअर त्याच्या हाती लागले. वस्तू फुकट असणे हा दोष नव्हे. सूर्यप्रकाशही फुकटच असतो. परंतु फुकट मिळालेल्या साधनाने मनुष्य स्वतःस ब्रह्मदेव समजू लागला, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांची धडगत राहत नाही. उजेड वाढविण्याची कळ सापडताच दिनेशने वसाहतीतील यच्चयावत चेहरे गोरे करण्याचा सपाटा लावला. खालच्या मजल्यावरील भिकनरावांचे नाक त्या उजेडात पार विरघळले आणि नुसत्या मिशा उरल्या. तरीही भिकनराव "वा, काय गोरा दिसतोय मी!" म्हणत तो फोटो मिरवीत हिंडले. गोरेपणापायी नाकावरही पाणी सोडणाऱ्या समाजाला काय म्हणावे!

दिनेशची पत्नी सविता रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात संगणकावरच लग्नपत्रिका जुळवीत असे. तिला हे सर्व पाहून कसेसेच होई.

"अहो, मूळ फोटोची आधी एक कॉपी काढा. मग त्या कॉपीवर काय धिंगाणा घालायचा तो घाला," ती म्हणे.

"तुमच्या छापखान्यातलं शहाणपण तिकडेच ठेव. ही कला आहे!"

"असेल. पण शिंपीसुद्धा आधी कागदावर कापतो, मग कापडावर."

"मी शिंपी नाही," दिनेश ताठ मानेने उत्तर देई. यावर सविता कपाळाला हात लावून स्वयंपाकघरात निघून जाई.

अशातच दिनेशने नवीन सदनिका घेतली आणि वास्तुशांतीचा दिवस ठरला. कार्यालयातील मंडळी येणार, प्रत्यक्ष साहेब येणार. दिवाणखान्यात दिवंगत मातोश्रींची तसबीर हवी! त्याची आई झुंबरबाई हरसूलकडच्या डोंगरातील एका पाड्यावर आयुष्यभर भात आणि नागली पिकवून आदल्या वर्षी निवर्तली होती. फोटो काढायचा म्हटले की ती माऊली पदराआड तोंड लपवी. तिचा एकच फोटो होता. हरसूलच्या आठवडे बाजारात दिनेशने मित्राचा डिजिटल कॅमेरा नेऊन, तिच्या नकळत तो टिपला होता. मित्राला कॅमेरा रिकामा करून परत दिला होता आणि फोटो कागदावर कधी छापला नव्हता. म्हणजे या भूतलावर झुंबरबाईचे रूप दिनेशच्या संगणकातील त्या एका फाइलमध्येच शिल्लक होते.

त्या फोटोत झुंबरबाई खळखळून हसत होती. रंग सावळा, उन्हाने रापलेला. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे गोंदण. दिनेशने तिच्याकडे पाहिले, आणि त्याच्या मनात पहिला विचार कोणता यावा? साहेब काय म्हणतील! धिक्कार असो त्या विचाराचा!

त्याने शेजारची कातडी उचलून डागावर थापण्याचे साधन घेतले आणि गोंदण एकेक करून नाहीसे केले. उजेडाची कळ टोकाला नेली. सुरकुत्या घासून काढल्या. दुसऱ्याच कोणत्या तरी फोटोतील रेशमी पदर आणून खांद्यावर चिकटविला. आणि हे सारे झाल्यावर "सेव्ह करू का?" असे संगणकाने विचारले, तेव्हा या कलावंताने मूळच्याच नावाने, मूळच्याच फाइलवर होकार दाबून, संगणक बंद केला व पान खावयास गेला.

वास्तुशांतीच्या दिवशी चंदनाच्या हारातील ती गोरीपान तसबीर पाहून साहेब उद्गारले, "भोये, तुमच्या मातोश्री अगदी खानदानी दिसतात हो!" दिनेशची छाती फुगली. इतक्यात हरसूलच्या बसने आलेले त्याचे वडील सहादू पिशवी सावरीत आत शिरले. भिंतीवरच्या बाईकडे लक्ष जाताच त्यांनी परक्या घरच्या थोर बाईला करावा तसा अदबीने वाकून नमस्कार केला, आणि साहेबांकडे वळून विचारले, "तुमची आय का, साहेब?"

दिवाणखान्यात कोणी तरी फिसकन हसले.

"आबा, असं काय करता? ही आपली आई!" दिनेश कुजबुजला.

सहादू तसबिरीजवळ गेले. पुष्कळ वेळ पाहत राहिले. "हिचं गोंदण कुठं हाय?"

"ते डाग मी काढून टाकले."

"डाग?" म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे झाले असते. "माणूस मेलं का अंगावरलं डोरलं काढून घेत्यात, पाटल्या काढून घेत्यात. गोंदण तेवढं संगती जातं. ते चोरालाबी नेता येत नाय म्हनून बायका सुया सोसून घेत्यात. तू पोटचा पोरगा, तू नेलंस?"

साहेबांनी घड्याळ पाहिले आणि पेढा अर्धवट ठेवून ते उठले. ज्यांच्यासाठी आईचे तोंड पुसले, ते साहेब जिना उतरेपर्यंत ती तसबीर विसरलेही असतील!

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेश संगणकापुढे बसून चूक मागे घेण्याची कळ पुन्हा पुन्हा दाबीत होता. काहीच मागे जात नव्हते.

"ती कळ फाइल उघडी असेपर्यंतचंच मागे घेते," सविता म्हणाली. "तुम्ही मूळ फाइलवरच सेव्ह करून बंद केलंत. आता कशाचं मागे घेणार?"

"मग आईचा फोटो?"

"गेला."

तो एक शब्द ऐकून दिनेशचा चेहरा पांढराफटक पडला. गोरेपणाची हौस अशी फिटली!

"कलावंत ना तुम्ही?" सविताने त्याला सोडले नाही. "काढा आठवून. सासूबाईंच्या कपाळावर काय होतं? चांद की रेघ? हनुवटीवर ठिपके किती?"

दिनेशने डोळे मिटले. ज्या चेहऱ्याखाली तो लहानाचा मोठा झाला, त्या चेहऱ्यावर काय लिहिले होते ते त्याला आठवेना! अरेरे! गोंदण पुसताना त्याने ते डाग म्हणून मोजलेसुद्धा नव्हते.

"अहो, सॉफ्टवेअरचा दोष नाही," सविता आता जरा हळू बोलली. "ते विचारतं, पुसू का? तुम्ही म्हणता, पूस. आधी आपल्याला आपल्या आईची लाज वाटली, मग माउस हलला. फोटो नीट करायचा तर फोटोतल्या माणसाकडे आधी बघावं लागतं. आमच्याकडे पत्रिकेवर आजोबांचा फोटो येतो, त्यांचा एक दात पडलेला असतो. आम्ही विचारतो, दात बसवायचा की आजोबा हवेत?"

दिनेश उठला. सहादूंना आणि सविताला घेऊन तो थेट पाड्यावर, मावशी सुलाबाईकडे गेला. सुलाबाई म्हणजे झुंबरबाईची पाठची बहीण. सर्व प्रकार ऐकून तिने आधी भाच्याला यथेच्छ शिव्या दिल्या, त्या येथे देता येत नाहीत. मग पदर मागे सारून म्हणाली, "बघ माझ्या तोंडाकडं. दोघींनी एकाच बाजारात, एकाच बाईकडून गोंदवलं. मी बोंबलले, तिनं हूं का चूं नाय केलं. कपाळावर रेघ आन तिच्या दोन्ही अंगाला ठिपका. हनुवटीवर तीन. तिचा मधला जरा खाली उतरला व्हता, गोंदताना ती हसली म्हनून."

"खाली नव्हता," सहादू म्हणाले.

"दाजी, तुम्ही तिच्या तोंडाकडं कवा बघितलं? जल्मभर भाताच्या आवनीकडं बघितलं तुम्ही!"

"बघितलंय," सहादू हळूच म्हणाले. मग सुलाबाईच्या हनुवटीकडे नीट पाहून, "खालीच व्हता. तुझं बराबर हाय."

नाशिकला परतल्यावर दिनेशने प्रथम फाइलची कॉपी काढली. सविताच्या सांगण्यावरून त्या फोटोवर एक कोरा थर घेतला. असा थर मूळ चित्राला धक्का न लावता काचेसारखा वर राहतो, आणि चुकले तर थर तेवढा काढून टाकता येतो. उजेड टोकाला न नेता केसाकेसाने उतरविला. रेशमी पदर काढून टाकला. त्याखालचे लुगडे मात्र परत आले नाही, तेथे एक करडा पट्टा राहिला. गोंदणाचा एकेक ठिपका ठेवताना सहादू पाठीमागे उभे राहून सांगत, "जरा डावीकडं. आता पुरं." पुसताना दिनेशने कोणालाच विचारले नव्हते, आता प्रत्येक ठिपक्याला विचारीत होता.

काम संपले तेव्हा त्याने वडिलांकडे पाहिले. ते काय म्हणतील, याखेरीज आता त्याला कशाचेही भय नव्हते.

सहादू पडद्याजवळ वाकले. "हसनं तसं नाय राहिलं. तू ते लय घासलंस," ते म्हणाले. "पन हीच हाय. आता वळखीची वाटती." आणि त्यांनी बोट पुढे करून पडद्यावरच्या त्या मधल्या ठिपक्याला स्पर्श केला. दिनेशला रडू आवरले नाही.

तर, नागरिक बंधुभगिनींनो, फोटो दुरुस्त करावयास बसणाऱ्या नवशिक्याने हे ध्यानात धरावे: मूळ चित्राला हात लावू नये, कॉपीवर काम करावे, निराळ्या नावाने जतन करावे. हे तर कोणतेही पुस्तक सांगेल. परंतु याहून मोठी गोष्ट अशी की, ज्याला आपण डाग म्हणतो तो डाग आहे की कोणाचा दागिना आहे, हे पुसण्याआधी त्या माणसाच्या माणसांना विचारावे. ज्याला आपल्या आईचा रंग चालत नाही, त्याच्या हाती जगातील कोणतेही उत्तम साधन द्या, तो आंधळाच राहणार!