नाव बदललं आहे

निशिगंधा पाटणकरला या व्यवहारातून मिळवायचं होतं ते एकच: छापलेलं नाव. तेही तळटीपेत किंवा आभारांच्या ओळीत नाही, तर लेखाच्या मथळ्याखाली, प्रोफेसर आनेकेच्या नावाला खेटून. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवता शिकवता तिची चौदा वर्षं गेली होती. परदेशी नियतकालिकात असा एक लेख आला की बढती तिची. नाही आला तर विनीत सरांची. विनीत सरांचे सात लेख छापून आले होते आणि सातही कुणी वाचले नव्हते, खुद्द विनीत सर धरून.

आनेके नेदरलँड्सची. तिच्या प्रकल्पात चार देशांतल्या बायका होत्या आणि विषय होता लग्नाबाहेरचे संसार: स्त्रीवादी आणि क्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुष जोडीपलीकडच्या नात्यांचं, मानवशास्त्र. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता व्हिडिओवर बैठक असायची. रेंज फक्त लायब्ररीच्या खिडकीशी यायची, म्हणून निशिगंधा तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन, अर्धी खिडकीबाहेर लवंडून बसायची. बैठकीत आधी सगळ्या मिळून ठरवायच्या की आपण सगळ्या समान आहोत, आणि मग आनेके पुढची तारीख सांगायची.

निशिगंधाची त्यात खरी कमाई म्हणजे एक शब्द. पावसच्या अलीकडच्या एका गावात गोदा आणि राही एकत्र राहायच्या. बाग गोदाची, बापाकडून आलेली. राहीच्या नवऱ्यानं मुंबईत दुसरा संसार थाटला, तेव्हा ती आंब्याच्या दिवसांत मदतीला म्हणून गोदाकडे आली आणि बावीस वर्षं झाली तरी आंबे काही संपले नाहीत. मुलाखतीत गोदा सहज म्हणाली होती, "राही माझी घरकरीण." कोकणातला नवरा बायकोला म्हणतो, तोच शब्द. 'क्वीअर' हा शब्द दोघींनी जन्मात ऐकला नव्हता, आणि आनेकेला नेमकं तेच हवं होतं. ती खुर्चीतून जवळजवळ उठलीच. "निशिगंधा, हा लेख आपल्या दोघींचा!" असं ती सगळ्यांदेखत बोलली.

अट एकच होती. मुलाखतीचा मजकूर गोदा-राहीला वाचून दाखवायचा, सह्या घ्यायच्या, आणि त्यांना त्रास नको म्हणून नावं बदलायची. दोन तासिकांमधल्या सुट्टीत, चहा निवायच्या आत, निशिगंधानं नावं बदलली. गोदाची सुमती केली, राहीची मालिनी. गावात मालिनी नावाचं कुणी आहे का, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती मजकूर घेऊन गोदाच्या पडवीत बसली. खाली पेंढा पसरलेला होता आणि दोघी आंब्याच्या पेट्या भरत होत्या.

"सुमती म्हणते, मालिनी माझी घरकरीण. तिच्याशिवाय मला..."

राहीचा हात पेटीतच थांबला. "कोण म्हणते?"

"सुमती. म्हणजे गोदाताई. नावं बदललीत ना आपण, राहीताई."

"आणि मालिनी?"

"मालिनी म्हणजे तुम्ही."

"मी कशी मालिनी होईन? मालिनी ती शेजारची, गडग्यापलीकडची, आमच्याकडे आंबे निवडायला येते ती. आता जेवायला घरी गेलीय, येईल इतक्यात." राही गोदाकडे वळली. "गोदे, हिला तू सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मी सुमती झाल्याचं मलाच आत्ता कळतंय."

"गेल्या साली रोज तिन्हीसांजा तिच्याकडे फणस खायला जायचीस, ते?"

"फणस खाल्ला गो. मालिनीला नाय खाल्ली."

"म्हणून आता थेट परदेशात छापून येतंय होय?"

निशिगंधा घाईघाईनं मध्ये पडली. "दुसरं नाव घालू ना. शेवंता?"

"ती माझी सासू."

"मग दिशा?"

"पोस्टमनची पोर. बारावीला हाय. पोरीला कशाला गोवतेस?"

गावात मोकळं असं एकही नाव सापडेना. शेवटी गोदानं पेंढा झटकला. "मॅडम, आमचीच नावं घाला ना. गावात लगीन निघालं की पत्रिका दोघींच्या नावानं एकच येते. सगळ्यांना ठाऊक हाय. तुम्हीच खोटं नाव घालून आम्ही चोरी केल्यासारखं करताय."

"माझं नाव असेल तर सही," राही म्हणाली. "नसेल तर नाय. माझ्या जागी दुसरी कुणी नको."

मालिनी जेवून परत आली तशी राही आपली पेटी उचलून आत गेली. मालिनी आपली आंबे निवडायला बसली.

आनेकेच्या विद्यापीठातली नैतिकता समिती खऱ्या नावाला तयार होईना. अशा स्त्रियांना संरक्षणाची गरज असते, असं उत्तर आलं. सह्या पाठवायला मुदत आठ दिवसांची. त्या आठ दिवसांत निशिगंधाला एका जागी बसवेना. तासाला वर्गात गेली की कुठला धडा चालू आहे ते मुलांना विचारायची. मांडवीच्या जेट्टीवर टोकापर्यंत जायची आणि समुद्र न बघताच मागे फिरायची. राहीची सही ती काय असणार, दोन अक्षरं. एकदा एसटीत तिकिटाच्या पाठीवर तिनं ती करून पाहिली. ती फारच खरी वाटली. तिकीट फाडून तिनं खिडकीबाहेर टाकलं, आणि पुढच्याच स्टॉपवर तिकीट तपासनीस चढला. त्यालाही तोंड द्यावं लागलं.

सातव्या दिवशी तिनं आनेकेला लांबलचक पत्र लिहिलं. फणस, गडगा, सासू, पत्रिका, सगळं काही. सही मिळणार नाही, माफ कर, असा शेवट केला. उत्तरात एकच शब्द आला: "विलक्षण!"

तीन आठवड्यांनी नवा लेख आला. विषय होता, नाव बदलण्याची पद्धत कशी फसते. गोदा-राहीची मुलाखत त्यातून गेली होती आणि त्या जागी निशिगंधाचं पत्र होतं, अवतरणचिन्हांत, जवळजवळ अख्खं. खाली लिहिलं होतं: सावनी, स्थानिक संशोधन-सहाय्यक (नाव बदललं आहे). सोबत निशिगंधाच्या सहीसाठी संमतीपत्र. वर लेखिका एकच.

निशिगंधानं शुक्रवारची वाट पाहिली नाही. "सावनी कोण?" व्हिडिओ लागल्या लागल्या तिनं विचारलं.

"तू," आनेके मायेनं म्हणाली. "तुझ्या कॉलेजात तुला त्रास नको म्हणून. आता तू या घटनेतली व्यक्ती झालीस ना, मग लेखिका होता येत नाही, समितीचा तसा नियम आहे. हे नाव आवडलं नसेल तर दुसरं निवडू."

"दुसरं नको. माझंच घाल, वर, तुझ्याशेजारी. नाहीतर माझं पत्र काढ."

"मला समजतंय तुझं म्हणणं," आनेके म्हणाली. एखादी गोष्ट करायची नसली की ती हेच म्हणायची, हे निशिगंधाला तीन वर्षांत पाठ झालं होतं.

पत्र निघालं. लेख निम्म्यानं आखडला, गोदा-राहीचा प्रसंग 'कोकणातल्या एका गावी' एवढ्यावर भागवला गेला, आणि एकट्या आनेकेच्या नावावर छापून आला. दिवाळीनंतर विनीत सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. निशिगंधानं दोन खाल्ले.

हिशेब मांडायचाच तर आनेकेला खर्च आला तो फारतर एका महिन्याच्या कामाचा. निशिगंधाचा बढतीचा हा घास गेला, पण नोकरी शाबूत राहिली, आणि कुणाची खोटी सही केली नाही, एवढी शांत झोप शिल्लक राहिली. गोदानं आठ दिवस स्वतःचा चहा स्वतः केला. नवव्या दिवशी राही बोलली, आणि तिनं अट घातली: मालिनीला आता कामाला बोलवायचं नाही. गोदानं फार ताणलं नाही. तिला चहा हवा होता.

नऊ हंगाम मालिनीनं त्या पडवीत आंबा निवडला होता. यंदा ती कातळाचा उघडा सडा ओलांडून पलीकडच्या बागेत जाते, तासाभराची चाल, उन्हातून. परवा पावसच्या स्टँडवर तिनं निशिगंधाला गाठलं.

"मॅडम, तुम्ही जाता ना त्यांच्याकडे? माझं काय चुकलं, तेवढं विचाराल?"

निशिगंधानं मान हलवली आणि बस लागलेली नसतानाही बसकडे चालायला लागली. वाचून दाखवायला, सही घ्यायला, त्रास नको म्हणून नाव बदलून द्यायला मालिनीकडे कुणीच गेलं नव्हतं, आणि भरायचं सगळं तिनंच भरलं होतं.