शेवटच्या भागात आमच्यावर आलेला आळ

मित्रांनो, कसबा बावड्यातल्या एका गल्लीत, शेवग्याच्या झाडाखाली उभी असते ती म्हातारी जीप म्हणजे मी. माझा रंग उडाला आहे, दारं खडखडतात, आणि मला राग आला आहे. तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तरुणपणी मी एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होते. साहेबांना घेऊन उसाच्या फडांतून चिखल उडवत फिरायचे. पुढं कारखान्यानं मला लिलावात काढलं, तेव्हा गणपतरावांनी मला घरी आणलं. त्यांच्यामागं त्यांचा मुलगा जोतीराम माझ्या स्टिअरिंगवर बसला. बावड्याहून हातकणंगल्यापर्यंत आम्ही वडाप करायचो, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन माणसांची ने-आण. भाजीच्या पाट्या, कॉलेजच्या पोरी, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांना मी वाहिलं. लग्नसराईत लोक मला झेंडूच्या माळा घालायचे आणि नवरीला माझ्यातूनच सासरी पाठवायचे. जोतीराम गाडी सांभाळून चालवतो, म्हणून बायाबापड्या त्याच्या पुढच्या सीटवर निर्धास्त बसायच्या. आमची कमाई म्हणाल तर हीच होती.

मग यशराज आला. मूळचा कोल्हापूरचाच, पण मुंबईत राहून दिग्दर्शक झालेला. त्याला 'दरवाजा क्रमांक सात' नावाची मालिका काढायची होती. राधानगरीच्या धरणाखाली एका तरुण इंजिनियर मुलीचं प्रेत सापडतं आणि एक इन्स्पेक्टरबाई खुन्याला शोधतात, अशी गोष्ट. बाईंसाठी त्याला जुनी जीप हवी होती. जोतीराम म्हणाला, माझी गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. यशराजनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि त्यालाच बाईंचा ड्रायव्हर केलं. बोलायचं काही नव्हतं, फक्त गाडी चालवायची होती.

पावसाळाभर आम्ही राधानगरीत होतो. माझ्या दारांवर 'पोलीस' लिहिलं, तेव्हा मी मनातून फुगले होते. एकदा एक म्हैस माझ्या मागं रस्त्याच्या मधोमध बसली आणि काही केल्या उठेना. अख्खं युनिट खोळंबलं. जोतीराम आरशात बघत खदाखदा हसत सुटला. कॅमेरा चालू होता. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मालिका सुरू झाली तशी आमची गल्ली वेडी झाली. दर रविवारी दुपारी जोतीरामची बायको क्रांती टीव्ही सोप्यात, पुढच्या ओसरीवर, आणून ठेवायची आणि अंगणात पोतं, चटई, मिळेल ते अंथरून माणसं बसायची. सगळ्यात पुढं शेजारच्या आक्का. सत्तरी उलटलेल्या, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. त्या मेलेल्या मुलीच्या मेव्हण्यानंच खून केला, हे त्यांनी केव्हाच सांगितलं होतं. त्याचा चिखलाचा बूट, त्याचा खोटा जबाब, धरणाच्या चौकीदाराला दिलेली धमकी, सगळं जुळत होतं. आठवडाभर गल्लीत त्यावर वाद चालायचे. दुधाच्या डेअरीवर लोक कॅन खाली ठेवून भांडायचे.

शेवटच्या रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इन्स्पेक्टरबाई मेव्हण्याच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथून परत फिरल्या. मग अचानक पडद्यावर जोतीरामचा चेहरा आला. आरशात बघून हसणारा. त्यावर कुणा परक्या माणसाचा घोगरा आवाज आला, "मीच मारलं तिला. मला मजा वाटली." एवढं झालं आणि नावं पळायला लागली.

क्रांतीनं टीव्ही बंद केला. जोतीराम भिंतीला टेकून बसला होता, तो तसाच बसून राहिला. मग एकदम गलका उठला. लोकांनी मालिकेवाल्यांना ज्या शिव्या घातल्या त्या मी इथं सांगत नाही, पण त्यातली एकही मला जास्त वाटली नाही. कारण, मित्रांनो, तिसऱ्या भागात खुनाची वेळ दाखवली आहे, तेव्हा मी पोलीस ठाण्याच्या दारात पंक्चर होऊन उभी होते, आणि दोन हवालदारांच्या देखत जोतीराम माझं चाक बदलत होता. सगळ्या महाराष्ट्रानं ते पाहिलं होतं. लिहिणारा तेवढा विसरला.

गल्लीला खरं माहीत होतं. पण वडापात बसणारी माणसं गल्लीतली नसतात. स्टॉपवर पोरं बोटं दाखवून 'खुनी ड्रायव्हर' म्हणू लागली. बाया माझ्याकडं बघून मागच्या गाडीची वाट बघत थांबायच्या. हातकणंगल्याच्या एका घरानं लग्नाची वर्दी रद्द केली. नवरीला भीती वाटते, असा निरोप आला. त्या दिवशी जोतीरामनं मला झाडाखाली लावलं आणि वर ताडपत्री टाकली. तो दिवसचे दिवस घरात बसून राहायचा. उंदरांनी माझ्या सीटचा काथ्या ओढला, बॅटरी उतरली. मला गंज चढत होता आणि त्याला त्याहून वाईट काहीतरी.

उन्हाळ्यात यशराज पेढे घेऊन आला. लोक ड्रायव्हरचा इतका तिरस्कार करतात हे केवढं यश आहे, असं तो हसत हसत सांगत होता. दुसऱ्या सीझनमध्ये ड्रायव्हर तुरुंगातून पळणार होता. जोतीराम आणि मी, दोघंही त्याला परत हवे होतो.

आक्का कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पावणं, खून झाला तवा चाक कोण बदलत हुतं?"

यशराजला आधी कळलंच नाही. मग त्यानं सांगितलं की मेव्हण्याचं काम करणारा नट मध्येच दुसरीकडं गेला, शेवट तर करायचाच होता, आणि जोतीरामचा तो हसरा शॉट हाताशी होता. "एवढं कोण बघतंय, आक्का?"

"आम्ही बघत हुतो की," आक्का म्हणाल्या. "दर रविवारी, कामं टाकून."

जोतीराम उठून उभा राहिला. "म्हशीला बघून हसलो हुतो मी. त्याच्यावर दुसऱ्याचा आवाज चिकटवलास. चल, माझ्याबरोबर गाडीत बस आन् हातकणंगल्यापत्तूर दर स्टॉपवर हे सांग."

यशराजनं घड्याळ बघितलं. एवढा वेळ नव्हता त्याला. क्रांतीनं पेढ्यांचा बॉक्स त्याच्या गाडीच्या टपावर ठेवला आणि फाटक लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी स्वतः माझी ताडपत्री ओढली. पुढच्या सीटवर बसल्या आणि जोतीरामला हाक मारली. गल्लीनं मला ढकलून चालू केलं. तेव्हापासून कित्येक दिवस त्या रोज आमच्याबरोबर आल्या. गाडी थांबेल तिथं चाकाची गोष्ट सांगायच्या. काही लोक ऐकायचे, काही तोंड फिरवायचे. अजूनही फिरवतात.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठेपणी गोष्टी लिहील. तेव्हा या म्हातारीचं एवढं ऐका. शेवट सुचत नसेल तर सरळ सांगा की सुचला नाही. लोक चार शिव्या देतील आणि विसरतील. पण एखाद्या गरिबाचा चेहरा उचलून तुमच्या गोष्टीच्या भोकावर ठिगळासारखा लावू नका. तुमची गोष्ट संपते. त्याला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर गाडी काढायची असते.

परवा शिरोलीच्या स्टॉपवर मागच्या सीट भरल्या होत्या. एका बाईनं आपल्या शाळकरी लेकीला पुढं बसवलं, दार लावलं आणि म्हणाली, "बस गं, काका सोडतील नीट." मग ती स्वतः मागं दाटीवाटीत शिरली.

जोतीरामनं गाडी इतकी हळू चालवली की मागचे लोक कुरकुरू लागले. मी शाळेपर्यंत एक दणका लागू दिला नाही.