चौथ्या फेरीची दृष्ट

वडिलांच्या अंत्ययात्रेलाही आमच्या अंगणात इतकी माणसं नव्हती, जितकी माझ्या भावाच्या मोटरसायकलची दृष्ट काढायच्या दिवशी जमली. १९६८चा एप्रिल होता. बेकरीवाला भट्टी तशीच सोडून आला होता, बायका भिंतीवर चढून बसल्या होत्या, आणि पाद्रीबाबा रस्त्यापलीकडून, आपण इकडे बघतच नाही असं दाखवत, बघत होते.

मधोमध मोटरसायकल, तिच्यासमोर स्टुलावर पाण्याने भरलेली खोलगट बशी, आणि बशीमागे आजिदेकाका. ते सकाळी दाढ्या करायचे आणि दुपारी दृष्ट काढायचे. दुकान एकच, खुर्ची एकच, टॉवेलही एकच. कुणाची गाय आटली, कुणाचं लग्न मोडलं, की लोक पार रिमिनी शहरातूनसुद्धा त्यांच्याकडे यायचे. यंत्राची दृष्ट मात्र ते पहिल्यांदाच काढत होते, म्हणून थोडं प्रवचन आवश्यक होतं.

"यंत्रालाही जीव असतो," काका म्हणाले. "नाहीतर ते तापलं असतं का? आणि ज्याला ताप येतो, त्याला दृष्ट लागते."

या हिशेबाने आमची इस्त्री रोज आजारी पडत होती. पण लोक माना डोलवत होते.

काकांनी बशीत ऑलिव्ह तेलाचे तीन थेंब सोडले. ते पाण्यावर गोल, पिवळे, शांत तरंगत राहिले. मग काहीतरी पुटपुटत काकांनी क्रूस काढण्यासाठी पाण्याला बोट टेकवलं. त्यासरशी थेंब दचकल्यासारखे पळाले आणि बशीच्या कडेला जाऊन फुटले. अंगणभर सुस्कारा उठला.

"बाईची नजर आहे," काका डोळे मिटून म्हणाले. "घरातलीच. डोळे फिकट."

आमच्या घरात फिकट डोळ्यांचं माणूस एकच होतं. मी.

सगळं अंगण माझ्याकडे वळलं, आणि मला साधं रागावताही आलं नाही. कारण काका अर्धं खरं बोलत होते. मी जळत होते.

लेआर्को माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. वडिलांचं गॅरेज त्याने हातात घेतलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पुढची सहा वर्षं त्याच्या शर्यतीचं पेट्रोल मी कालवलं, एरंडेल घालून, माझ्या हाताने. त्याच्या फेऱ्यांची वेळ मी घेतली. जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास आजही कुठून आला, तर मी रस्त्यात थांबते. मग जानेवारीत त्याने इरीदेशी लग्न केलं. मुलगी चांगली होती, हेच माझं दुःख. वाईट असती तर मला निवांत जळता आलं असतं. लग्नानंतरच्या पहिल्याच सरावाला लेआर्कोने स्टॉपवॉच माझ्याकडून घेऊन तिच्या गळ्यात घातलं. "तू दमतेस गं, निवेस," मला म्हणाला. मी कधीच दमले नव्हते.

आणि नेमके तेव्हापासून पिस्टन जायला लागले.

गाडी मूळची दूधवाल्याची, सव्वाशे सीसीची टू-स्ट्रोक. लेआर्कोने तिचे पोर्ट, म्हणजे सिलिंडरला हवा-धुरासाठी असलेली भोकं, कोरून मोठे केले, हेड घासलं, नवा सायलेन्सर ठोकून बनवला. पहिला पिस्टन फेब्रुवारीत गेला तो त्याच्याच चुकीने. इंजिनाची भूक वाढवली, पण पेट्रोल मोजून सोडणारा जेट जुनाच, बारीक भोकाचा ठेवला. टू-स्ट्रोकला तेलही पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी आणि ताप जास्त. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरमध्ये आवळून बसतो. लेआर्कोला चूक कळली, त्याने मोठा जेट बसवला. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पण त्याच आठवड्यात इरीदेने आजिदेकाकांना बोलावलं. काकांनी मीठ आणि ऑलिव्हचं पान घातलेली लाल पुरचुंडी दिली. शर्यतीत स्वार टाकीवर छाती टेकून झोपतो, म्हणून पुरचुंडी त्याच्या काळजाखाली, टाकीच्या झाकणावर हवी. चर्चमधल्या मेणबत्तीच्या मेणाने काकांनी ती स्वतः चिकटवली. वर एक सूचना दिली: इंजिन बंद पडलंच तर आधी झाकण उघडायचं. फुस्स झालं की समजायचं, दृष्टीचा श्वास बाहेर पडला.

पुढचे तीन पिस्टन एकापाठोपाठ गेले. तिन्ही चौथ्या फेरीत. दरवेळी इरीदे धावत जाऊन झाकण उघडायची, फुस्स व्हायचं, आणि बघणारे छातीवर क्रूस काढायचे. पिस्टनवरचे ओरखडे तिन्ही वेळा एकाच बाजूला, जिथून धूर बाहेर पडतो त्या. प्लग पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमीच. लेआर्कोने आणखी मोठा जेट घातला, मग त्याहून मोठा. प्लग पांढराच. गॅरेजमध्ये आढ्याला टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल दिलं, तर तेच इंजिन तासभर बिनतक्रार चालायचं. आई म्हणायची, घरात माता मेरीची तसबीर आहे, इथे दृष्ट शिरत नाही, म्हणून चालतं. पुढे दृष्ट घरातल्याच बाईची ठरली, तरी या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

तिसऱ्या वेळी मागचं चाक भर वेगात जागच्या जागी अडकलं. लेआर्को डांबरावर फरफटत गेला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत कातडी सोलली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी डोकं असेल.

म्हणून तो बशीचा सोहळा. त्या संध्याकाळी आईने मला सप्टेंबरपर्यंत फेर्राराच्या मावशीकडे जायला सांगितलं. लेआर्को पाना पुसत बसला होता. तो पाना अगोदरच स्वच्छ होता.

"तू मुद्दाम करतेस असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण रविवारी चेर्व्हियाच्या शर्यतीला येऊ नकोस, निवेस. मला भीती वाटते."

खरं सांगायचं तर मलाही वाटत होती. रात्रंदिवस पोटात निखारा घेऊन फिरणाऱ्या बाईला, आपल्यामुळेच भाऊ मरेल असं पटवणं फार सोपं असतं.

बुधवारी सगळे जेवायला बसले असताना मी गॅरेज आवरायला गेले, शेवटचं म्हणून. सुटे भाग धुवायला पेट्रोल हवं होतं. टाकीची नळी कार्बोरेटरवरून काढून डब्यात सोडली आणि कॉक उघडला. धार आली, बारीक झाली, थेंबांवर आली आणि तिथेच राहिली. टाकी तर गळ्यापर्यंत भरलेली. मी झाकण जरासं फिरवलं. फुस्स झालं. पुरचुंडीचा एक सुटलेला धागा फटीपाशी लोंबत होता. तो बाहेर उडाला नाही. आत ओढला गेला. आणि नळीला पुन्हा जोराची धार लागली.

श्वास कुणाचा बाहेर पडत नव्हता. टाकी श्वास आत घेत होती.

टाकीच्या झाकणाला केसाएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. मेण बरोबर त्या भोकावर बसलं होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही, हे स्वयंपाकघरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. झाकणाच्या जुन्या वॉशरमधून थोडी हवा झिरपत असणार, म्हणून इंजिन तीन फेऱ्या तग धरायचं. लेआर्कोने इंजिनाचा कण न् कण तपासला होता. पण पोट चाचपणाऱ्या डॉक्टरला कधीकधी रोग्याच्या तोंडावर दाबलेली उशी दिसत नाही. शिवाय काकांच्या हुकमाप्रमाणे, तो गाडी तपासायला घेईपर्यंत झाकण उघडलेलं असायचं.

त्या घटकेला जाऊन सांगितलं असतं, तर दृष्ट लावणारीच तोडगा काढून टाकायला सांगते असं झालं असतं. म्हणून मी तापाचं निमित्त केलं आणि शनिवारपर्यंत घरी राहिले.

शनिवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी, काका पुन्हा दृष्ट काढायला आले, मागून पुन्हा गाव. दुकानातून थेट आले होते. बोटांना दाढीच्या साबणाचा बदामी वास येत होता. मी राख आणि गरम पाणी पुढे ठेवून अदबीने म्हटलं, पवित्र काम आहे, हात धुवून घ्या. काका म्हणाले गरज नाही. बेकरीवाला म्हणाला, "धुवा की काका, त्यात काय." काकांना धुवावे लागले.

तीन थेंब पडले. बोट टेकलं. थेंब हललेसुद्धा नाहीत.

"गेली," काका क्षणात म्हणाले. "दृष्ट गेली."

"थांबा, परत आणते," मी म्हटलं, आणि कपड्यांच्या साबणावर बोट घासून पाण्याला लावलं. थेंब पळत सुटले. भिंतीवरच्या बायकांतली एक फिसकन हसली. भांडी घासणाऱ्या बायका होत्या त्या. साबणापुढे तेल पळतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मग मी टाकीची नळी डब्यात सोडली आणि कॉक उघडला. सगळ्यांनी धार आटताना पाहिली. मी झाकणाकडे हात नेला तेव्हा इरीदे आडवी आली.

"त्याला हात लावू नकोस. तू जळतेस माझ्यावर. सगळ्यांना माहीत आहे."

"हो, जळते," मी म्हटलं. "रोज जळते. पण माझ्या जळण्याने पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळत नाही, इरीदे. त्याला पेट्रोल कमी पडावं लागतं."

केसांतला आकडा काढून मी मेणात खुपसला. डब्यात धार आदळली.

लेआर्को पुढे आला. त्याने कॉक बंद केला, झाकण काढलं, नखाने मेण खरवडलं आणि भोक उन्हाकडे धरून एका डोळ्याने बराच वेळ आरपार पाहिलं. मग म्हणाला, "काका, यापुढे माझी दाढी मीच करीन."

इरीदे रडत होती. आपल्या हाताने नवऱ्याला मारलं असतं, हे तिला कळत होतं. "मी त्याच्या भल्यासाठीच..." ती म्हणाली. मला माहीत आहे, असं मी म्हटलं. त्या वर्षात मी तिच्याशी बोललेली तेवढीच एक चांगली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी चेर्व्हियाला गेले. वेळ इरीदेच घेत होती. मी गवताच्या गठ्ठ्यांमागे उभी राहून, माझ्या फिकट डोळ्यांनी, पंधराच्या पंधरा फेऱ्या तिच्याकडे आणि त्याच्याकडे बघत होते, आणि आदल्या दिवसापेक्षा कणभरही कमी जळत नव्हते. लेआर्को पाचवा आला. घरी येऊन आम्ही सिलिंडर उघडला. पिस्टनवर एक ओरखडा नव्हता.

माझा मत्सर पुढेही बरीच वर्षं टिकला. तो माझा दोष होता आणि त्याची झळ मलाच बसली. पण नजरेने धातू वितळत असता, तर आमच्या गावात एक तवा शाबूत राहिला नसता. तुमच्या घरात काही बिघडलं, कुणी आजारी पडलं, काही पुन्हा पुन्हा मोडायला लागलं, तर बशी घेऊन येणाऱ्याला दारातच थांबवा. आधी मोडलेली वस्तू हातात घेऊन नीट बघा. माणसांचे डोळे तपासायची वेळ बहुतेक येणारच नाही.